टाचांचे हवालदार

बाळाराम हवालदार मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत होते.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. आमच्या ह्यांची बदली खालापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेवर झाली होती. मी वाईची. लग्न नुकतंच झालेलं. कर्जतला गाडी बदलून आम्ही खोपोलीच्या गाडीत बसलो, मधल्या एका लहानशा स्टेशनावर उतरलो आणि तिथून बैलगाडीनं गावात पोचलो. राहायची सोय हवालदारांच्या पडवीत झाली होती. अंगणात गाडी थांबली. मी पदर सावरत खाली उतरले, तर समोर पन्नाशी उलटलेला एक धिप्पाड गृहस्थ उभा. खाकी अर्धी विजार, वर बंडी, आणि मिशा अशा की त्या आधी दिसाव्यात आणि माणूस मागून.

"मास्तरीणबाय, टाच दावा," ते म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीवाल्याकडे बघायला लागले. इतक्यात आतून बाईचा खणखणीत आवाज आला, "अवो, पोर पैल्यांदा दारात आली. तिला पानी तरी पिऊ द्या!"

"पानी पिईलच की. कोन नाय म्हनतंय?" हवालदार जागचे हलले नाहीत. "हां, पाय वळवा जरा. उजवी बरी हाय. डावीला भेगा पडाया लागल्यात. वेळेवर आलात."

आतून आवाज देणारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्या ठमाकाकी, हवालदारांच्या पत्नी. अंगानं काटक, कासोटा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि त्या वाकल्या तेव्हा मला त्यांच्या टाचा दिसल्या. उन्हाळ्यात भाताचं खाचर तडकतं ना, तशा. एका भेगेत रक्त सुकलेलं होतं. घरात टाचा तपासणारा नवरा, आणि बायकोच्या टाचांची ही दशा! मला काही उलगडा होईना.

तो हळूहळू झाला.

हवालदार पहिल्या लढाईत पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेले होते. तिथं त्यांनी काय पराक्रम केला हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण बसऱ्याचं नाव निघालं की ते फक्त पायांबद्दल बोलत. चालून चालून शिपायांचे पाय कसे फुटले, बुटांत पाणी जाऊन कातडी कशी सोलून निघाली, आणि गोरा साहेब रोज रांगेत उभं करून एकेकाचे पाय कसा तपासायचा. "तोफ मागल्या बाजूला असती, बंदूक खांद्यावर असती," ते सांगत, "पन समदी लढाई उभी कशावर? टाचंवर!" पेन्शनीत निघून ते गावाला परत आले, तेव्हा लोकांनी त्यांना मेडल दाखवायला सांगितलं. यांनी लोकांना पाय दाखवायला सांगितले.

आणि पाय कसले! भातलावणीच्या चिखलात आठवडेच्या आठवडे उभं राहणारे, उरलेलं वर्ष अनवाणी डोंगर चढणारे. हवालदारांना बसऱ्यापेक्षा मोठी आघाडी घराच्या दारातच सापडली.

उपाय त्यांनी शोधून काढला तो मोहाचा. मोहाची फुलं कशासाठी वेचतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे बियांना बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. पावसाच्या तोंडावर मोहाची फळं पिकून गळतात. डोंगराकडच्या ठाकरवाडीतल्या बाया त्यांच्या बिया टोपल्या भरभरून आणत आणि तांदूळ नाहीतर मीठ घेऊन जात. हवालदार त्या बिया फोडत, वाळवत, काकींचं उखळ पळवून त्यात कांडत, वाफवून फडक्यात बांधत आणि दोन फळ्यांमध्ये ठेवून वर स्वतः बसत. हो, स्वतःच. घाणा लांब होता आणि यांचं वजन भरपूर होतं. फळीवर पेपर वाचत बसलेले हवालदार आणि खालून थेंब थेंब गळणारं पिवळं तेल, हे दृश्य मी कितीतरी दुपारी पाहिलं आहे. मधेच जोर कमी पडला असं वाटलं की ते आमच्या ह्यांना हाक मारत. "मास्तर, जरा येऊन बसा." आमचे हे सडपातळ. ते जाऊन हवालदारांच्या शेजारी बसत. तेल काही जास्त निघत नसे, पण पेपरातल्या बातम्यांवर चर्चा होई.

हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. त्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून घातलं की झालं मलम. ते नारळाच्या करवंट्यांत भरून ठेवलेलं असे. गाव त्याला 'हवालदारांचं लोणी' म्हणे. ते खरंच गुणकारी होतं. माझी डावी टाच आठ-पंधरा दिवसांत मऊ झाली. थंडीत फुटणाऱ्या ओठांना आणि हातांनाही मी ते चोरून लावत असे. चोरून अशासाठी, की हवालदारांना ते आवडत नसे. "टाचंचं मलम त्वांडाला?" ते म्हणत. "पलटनीत असतात तर शिक्षा झाली असती."

दोष एकच होता. वास. मोहाच्या बियांच्या तेलाला एक उग्र, जुनाट दर्प असतो. तो घालवायला हवालदारांनी वाळा घातला, बकुळीची फुलं घातली, एकदा वेलदोडे घातले. वेलदोडे घातले त्या वर्षी मलमाला इतका सुंदर वास आला की गावातली कुत्री, मांजरं आणि वासरं एकदम त्याच्या प्रेमात पडली. शाळेत त्या आठवड्यात मोठा घोटाळा झाला. हवालदार दर शनिवारी शाळेत येऊन पोरांच्या पायांची परेड घेत आणि टाचांना मलम लावत. त्या शनिवारी मलम लावून पोरं पाय पसरून पाढे म्हणायला बसली आणि शेजारच्या गोठ्यातलं वासरू थेट वर्गात आलं. पहिल्या रांगेतल्या पोराची टाच त्यानं चाटली. गुदगुल्या होऊन ते पोर किंचाळलं, दुसरं हसलं, तिसरं वासराच्या गळ्यात पडलं. आमचे हे फळ्याकडे तोंड करून उभे होते. वळले तेव्हा वर्गात पाढे कुणीच म्हणत नव्हतं आणि मागच्या दारातून आणखी दोन कुत्री आत येत होती.

"पुढच्या टायमाला कडूनिंब घालतो," हवालदारांनी गंभीरपणे सांगितलं. घातला. मग जनावरंच काय, माणसंही फिरकेनात.

काकींना या सगळ्याचा भयंकर राग होता. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं. मोहाचं तेल दिव्याला चालतं, आणि हा बाबा ते लोकांच्या टाचांना चोळतोय! "गाव अंधारात बसलंय, अन् आमच्या घरचा दिवा लोकांच्या पायाखाली!" त्या म्हणत. स्वतःच्या टाचांना त्यांनी ते मलम कधी लावलं नाही. हवालदारांनी करवंटी पुढं केली की त्या ती उचलून चुलीमागं ठेवून देत. सकाळी लावायचं तर शेतात जायचं असे. संध्याकाळी लावायचं तर भाकऱ्या थापायच्या असत.

"मी लावून देतो. तू नुसता पाय पुढं कर," हवालदार म्हणत.

यावर काकी दोन्ही कानांना हात लावत. "नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? अन् मग मेल्यावर मी कुठं जाऊ? तुमच्या बसऱ्याला?"

गावातल्या सगळ्या टाचा सरळ आल्या होत्या, ही एक जोडी सोडून. हवालदारांचं सगळं दुःख एवढंच होतं. मलम मुळात कुणासाठी केलं असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी मिशीचं टोक पिळलं आणि आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता तिकडे बघितलं.

काकींच्या या रागातूनच छाप्याचं प्रकरण उपटलं. एकदा उखळ दोन दिवस परत मिळालं नाही म्हणून त्या विहिरीवर चारचौघींत कडाडल्या, "आमच्या घरामागं मोहाची भट्टी लावलीय भट्टी! सकाळपासून रातपर्यंत जाळ, अन् ह्ये त्याच्यापुढं बसल्यात!" विहिरीवरचं बोलणं त्या काळात तारेपेक्षा लवकर पोचत असे. ते अबकारीच्या कचेरीपर्यंत पोचलं.

एका सकाळी एक फौजदार आणि दोन शिपाई अंगणात हजर झाले. काकी सारवत होत्या. 'मोहाची भट्टी' एवढे शब्द कानावर पडले आणि त्यांच्या हातातला शेणाचा बोळा गळून पडला. मोहाची दारू म्हणजे तुरुंग, आणि पेन्शनीला मुकायचं. त्या पळत माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं ते त्या एकदाच.

"मास्तरीणबाय, मी तेलाची भट्टी म्हनले वो! आईशप्पत, तेलाची!"

आम्ही मागल्या दारी गेलो तेव्हा हवालदार फळीवर बसलेले होते. फौजदार दिसताच ते ताडकन उठले आणि खाडकन सलाम ठोकला. वजन उठल्याबरोबर फळी उसळली आणि बियांचा लगदा फौजदारांच्या बुटांवर सांडला.

"ह्यात काय आहे?" फौजदारांनी चुलीवरून उतरवलेल्या मडक्याकडे बोट दाखवलं.

"मोह, साहेब."

"कबूल करतोस?"

"व्हय साहेब. चांगला जुना मोह हाय, वाडीच्या वरल्या अंगाचा."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. फौजदारांनी मडक्यात बोट बुडवलं, हुंगलं, आणि पुराव्याची खात्री करून घ्यायला जिभेला लावलं. तो कडूनिंबाचा हंगाम होता. फौजदारांचा चेहरा आधी आक्रसला, मग लांब झाला, मग त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर ते क्षीण आवाजात म्हणाले, "ही दारू नाही."

"नाय साहेब. टाचांचं मलम."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? ह्यात काय हाय म्हनलात. मोह हाय. मी सरकारची चाकरी केलेला मानूस, खोटं कसं बोलू?" मग त्यांची नजर खाली गेली. फौजदार आल्यापासून एका पायावर जरा तिरके उभे होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "डावा बूट काढा."

"काय?"

"काढा साहेब. चालनं बघितलं मी तुमचं."

पुढच्या अर्ध्या तासात अबकारीचे फौजदार आमच्या मागल्या अंगणात पाटावर बसून कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून होते, आणि दोघे शिपाई पोटऱ्यांवरच्या पट्ट्या सोडून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते. काकींनी तिघांना गुळाचा चहा दिला. इतका गोड चहा मी त्या घरात पुन्हा प्यायले नाही. जाताना फौजदार दोन करवंट्या घेऊन गेले, पण त्यातला कडूनिंब तेवढा कमी करा असं दोनदा बजावून गेले.

त्यानंतर काकींचा राग जरा निवळला. निदान उखळाबद्दल त्या विहिरीवर बोलेनाशा झाल्या. पण पाय काही पुढं आला नाही.

मग हवालदारांनी गनिमी कावा सुरू केला. काकी पहाटे ज्या उंबऱ्यावरून बाहेर पडत, त्या उंबऱ्यापुढच्या फरशीवर त्यांनी एक दिवस मलमाचा जाड थर दिला. हेतू असा, की येता-जाता आपोआप टाचांना लागावं. त्या दिवशी काकी नेमक्या मागल्या दारानं गेल्या. पुढल्या दारानं आमचे हे आले. अंगात धुतलेला सदरा, हातात दुधाचं भांडं. ते घसरले ते अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले, आणि दूध त्यांच्याही पुढं गेलं. कमरेत उसण भरली. हवालदार धावत आले, मास्तरांना उचललं आणि कमरेला तेच मलम चोळायला बसले. "ह्याला सुदिक चालतं," ते खजील होऊन म्हणत होते. आमचे हे चार दिवस उभ्यानं शिकवत होते, आणि तेव्हापासून पडवीतून बाहेर पडताना आधी पायानं जमीन चाचपून बघत.

आणि मग एका भातलावणीत व्हायचं ते झालं. काकींच्या टाचेतली भेग चिघळली. चिखल आत गेला. पाय आधी सुजला, मग लाल झाला. ताप चढला, तरी त्या एका पायावर लंगडत लावणीच्या खाचरात जात होत्या. एक दिवस बांधावरच बसल्या त्या उठल्या नाहीत. हवालदारांनी त्यांना पाठुंगळीला मारून घरी आणलं. सबंध वाटभर काकी शुद्धीत होत्या आणि 'उतरवा मला, लोक बघत्यात' म्हणून त्यांच्या पाठीत बुक्क्या मारत होत्या, असं बघणारे सांगतात.

बैलगाडी जुंपली, कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली. म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असते तर पाऊल काढावं लागलं असतं. औषधाच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, रोज जखम कोमट पाण्यानं धुवायची, आणि भरत आली की टाच तेलानं मऊ ठेवायची, नाहीतर पुन्हा फाटेल. येताना पाऊस लागला. हवालदार गाडीत घोंगडीचं एक टोक काकींवर धरून बसले होते. बसऱ्याचं, मोहाचं, कशाचंच नाव नाही. 

घरी आल्यावर प्रश्न आला की हे रोज करायचं कुणी. काकींना वाकता येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मी पुढं झाले, तर काकींनी पाय आखडून घेतला. "मास्तरीणबाय, तुमी शिकल्या-सवरल्याल्या घरच्या. तुमी माझ्या पायाला हात लावला तर मला पाप लागंल."

"मग मी लावतो," हवालदार म्हणाले.

"तुमी लावलात तर दुप्पट लागंल."

हवालदारांचा बांध तिथं फुटला. "ठमे," ते ओरडले, आणि आवाज मधेच चिरकला, "पलटनीत मी परक्या मान्सांचे पाय धुतले. जातीचे, बिनजातीचे, आपले, त्या मुलखातले. कुनाला पाप लागलं नाय. अन् माझ्या बायकोचा पाय माझ्या डोळ्यांदेखत सडला! आता पाय पुढं कर. हुकूम हाय."

"मी काय तुमची पलटन हाय?" काकी म्हणाल्या. पण त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मिशांवरून पाणी ओघळताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.  मग म्हणाल्या, "बरं. पन आधी मी तुमच्या पाया पडनार. मग तुमी लावायचं. म्हंजे पाप फिटलं."

"पड," हवालदार म्हणाले.

पण पडायचं कसं? त्या बाजेवर, पाय सुजलेला, कंबर वाकत नाही. हवालदारांनी इकडे-तिकडे बघितलं. मग एका हातानं खांब धरला, दुसऱ्या हातानं माझा खांदा, आणि आपला भलामोठा उजवा पाय उचलून बाजेच्या काठावर ठेवला. काकींनी हात लांब केला. पोचेना. "जरा वर," त्या म्हणाल्या. हवालदारांनी आणखी उचलला. ते एका पायावर डुलायला लागले, माझा खांदा खाली दबला, पडवीतून आमचे हे धावत आले आणि त्यांनी हवालदारांना मागून टेकू दिला. त्या अवस्थेत काकींनी बोटांची टोकं नवऱ्याच्या अंगठ्याला लावली, ती कपाळाला लावली, आणि शांतपणे आपला पाय पुढं केला.

"आता लावा," त्या म्हणाल्या.

हवालदार खाली बसले. त्यांनी ती टाच अशी हातात घेतली, जशी पोळ्यातून काढलेली मधाची कांदी घ्यावी. कोमट पाण्यानं धुतली, डॉक्टरांची पूड घातली, कडेनं तेल चोळलं. काकी छताकडे बघत होत्या. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

मग रोज संध्याकाळी तो सोहळा व्हायचा. जखम भरली, ताप गेला, भेगा मिटल्या. पुड्यांचा गुण किती आणि तेलाचा किती हे मला सांगता येणार नाही. हवालदारांना विचारलं तर पुड्या त्यांना आठवतच नसत. पाय बरा झाल्यावरही नेम चालू राहिला. "डाक्टर म्हनले ना, मऊ ठेवा म्हनून," काकी मला म्हणायच्या, मी काही विचारलेलं नसताना.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, आमची बदली घाटावर झाली. आम्ही गाव सोडलं.

नंतर एकदाच मी त्या वाटेनं गेले. एसटी नुकतीच सुरू झाली होती. आम्ही पुण्याहून पनवेलला लग्नाला निघालो होतो. मी खिडकीशी, मांडीवर धाकटी. खालापूर मागं पडलं आणि गुरांचा एक कळप आडवा आला म्हणून गाडी हळू झाली. समोरच्या वळणावर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन झपाझप चालली होती. कासोटा घट्ट, पाठ ताठ. ठमाकाकी! कुंभिवलीला, त्यांच्या माहेरी जत्रेला निघाल्या असाव्यात. पाटीतून नव्या लुगड्याचा काठ बाहेर डोकावत होता. त्यांच्या मागं, चांगल्या शेतभर अंतरावर, हवालदार येत होते. बगलेत छत्री, मिशा आता पांढऱ्या.

"ठमे! अगं, जरा दमानं!"

मी खिडकीतून हात काढून हाका मारल्या. गाडीच्या घरघरीत दोघांनाही ऐकू गेल्या नाहीत. काकींनी मागं न वळता एक हात वर केला, या लवकर अशा अर्थाचा, आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. हवालदार थांबले. छत्री रोवून त्यांनी धाप टाकली, मिशांवरचा घाम पुसला, आपल्याशीच काहीतरी पुटपुटून हसले, आणि बायकोला गाठायला पुन्हा भराभर पावलं टाकू लागले.